टाकी एकोणीस फुटांवर आली की...

जनार्दन गेल्याचं त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, सकाळीच फोन करून सांगितलं. चिखलोलीला पोचलो तर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो हाच, की माझ्या वेळी एवढी माणसं येतील का... लाज वाटली, पण विचार काही गेला नाही.

आम्ही दोघं अंबरनाथच्या एका कंपनीत. वांगणीजवळच्या पंपहाऊसमधून टाकीतल्या पाण्याची पातळी टेलिफोनच्या तारेवरून, मोडेममार्फत, आकड्यांच्या छोट्या छोट्या पाकिटांत आमच्याकडे यायची. मी डिप्लोमावाला, तो भातशेती करता करता रिपेअरिंग शिकलेला. तरी सुटे भाग आणायला गेलो की उल्हासनगरचा सिंधी दुकानदार मला म्हणायचा, "आप रहने दो साहब, जनार्दन को भेजो." अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

लाइन अधूनमधून मुकी व्हायची. मी आठवडाभर तारा तपासल्या, खांबांना शिव्या घातल्या. जनार्दन वहीत फक्त पातळ्या लिहीत बसला आणि एक दिवस म्हणाला, "दादा, टाकी एकोणीस फुटांवर आली की हा गप्प बसतो बघा." मॅन्युअल उघडलं, तर एकोणीस हा आकडा म्हणजे मोडेमला 'थांब' असा हुकूम. बिचारा हुकूम पाळत होता. मग एकोणीस सरळ पाठवायचाच नाही असं ठरलं. आधी एक खूण, मग बत्तीस मिळवून एक्कावन्न. पलीकडे खूण दिसली की बत्तीस वजा. हीसुद्धा युक्ती त्याचीच. साहेबांनी विचारलं, "कोणी शोधलं हे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मी." जनार्दन शेजारीच उभा होता. म्हणाला, "हो साहेब, दादांनीच." भांडला असता तर बरं झालं असतं. बढती मला मिळाली, आणि त्याच्या त्या चांगुलपणाबद्दल मी त्याला बावीस वर्षं माफ केलं नाही.

जनार्दन गेल्यावर महिन्याभराने, गेल्या आठवड्यात, तो मोडेम काढायला पंपहाऊसवर गेलो. आता सगळं मोबाइलच्या सिमवरून येणार. डबा उचलला, तर वर कागदाची पट्टी, जनार्दनच्या अक्षरातली : 'टाकी १९ वर आली तरी घाबरू नये. दादांनी सोय केली आहे.'

तिथल्या ऑपरेटर विद्याताईंनी विचारलं, "दादा म्हणजे तुम्हीच ना, साहेब?"

"सोय त्याने केली होती," मी म्हणालो. "मी साहेबांशी खोटं बोललो होतो."

मोडेम भंगारात गेला. पट्टी मी अलगद सोडवून घरी आणली, टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. रोज नजर जाते. लेकाच्याचं अक्षरसुद्धा माझ्याहून चांगलं होतं.