जास्तीचा एक बोळा

मिसरमधल्या, नाईलकाठच्या रशीद गावी वरच्या आळीत कुणी बाई वारली की नफूसाला बोलावणं यायचं. मयत बायकांना आंघोळ घालण्याचं काम ती एकोणीस वर्षं करत होती. त्याआधी ती भातगिरणीत उखळावर होती, आणि हे काम उखळापेक्षा कठीण आहे असं ती म्हणे. मेलेलं माणूस जिवंतापेक्षा जड लागतं, कारण ते स्वतःला सावरत नाही. एका हाताने मान धरायची, दुसऱ्याने पाणी सोडायचं, आणि अंगावरची चादर सरकू द्यायची नाही. हे जमायला तिला तीन वर्षं लागली. तोवर हज्जा तफीदाने तिला नुसत्या घागरी भरायला ठेवलं होतं.

हज्जा तफीदा ही गावातल्या आंघोळ घालणाऱ्या बायकांची मुकादम. आंघोळीच्या फळीवर जे दिसलं ते फळीवरच राहिलं पाहिजे, हा तिचा नियम. कुणाच्या पाठीवर कोड असतं, कुणाच्या मांडीवर नवऱ्याच्या पट्ट्याचे वळ असतात. बोलायचं नाही. मयताचा ऐब, तिच्या अंगाचं उणं, झाकीन, अशी शपथ तिने नफूसाकडून घेतली होती. जी बोलली तिला पुन्हा कुणी दारात उभं करत नसे.

त्या वर्षी थंडीत भातगिरणीचा मालक शाहीन अल-मनाकिली याची बायको बहिय्या गेली. बावीस वर्षांची होती. खारवलेली मासळी बाधली, दोन दिवस ओकत होती, सकाळी गिरणीतून घरी येऊन पाहतो तर गेलेली, असं शाहीनने सांगितलं. हकीम आला तोवर नफूसाचं काम संपलं होतं. त्याने चेहरा पाहिला, नखं पाहिली आणि दफनाची चिठ्ठी लिहिली. केसांना हात लावला नाही. तीन घट्ट वेण्या मानेवर नीट बसवलेल्या होत्या.

त्या वेण्यांखाली काय आहे ते नफूसाला ठाऊक होतं. केस सोडून धुताना मानेच्या खळग्यात तिच्या बोटाला भोक लागलं होतं. पोती शिवायचा दाभण जाईल एवढं. कुणीतरी ते कॉफीच्या ओल्या चोथ्याने बुजवलं होतं. तिने चोथा धुऊन काढला तसं काळं रक्त आलं. कफनाला रक्त लागू द्यायचं नसतं. तिने कापूर लावलेला कापसाचा बोळा आत दाबून बसवला, वर वेण्या घातल्या आणि घरी गेली. काम चोख झालं होतं. इतकं चोख, की खून दिसेनासा झाला.

आठव्या दिवशी दमिएत्ताहून बहिय्याचा भाऊ आला आणि त्याने कोतवालीत आरडाओरडा केला. शिपायांनी स्वयंपाकघर उपसलं. उंदीर मारायच्या पांढऱ्या पुडीवर सगळं येऊन थांबलं. ओकाऱ्या झाल्या होत्या, पुडी सापडली होती, आणि मरणाच्या आठवडाभर आधी मालकिणीने स्वयंपाकिणीला मुसळाने मारलं होतं. ती स्वयंपाकीण झाफरान. लहानपणी दूर दक्षिणेतल्या सेन्नारहून गुलाम म्हणून आणलेली, या घरात चौदा वर्षं चुलीपुढे. तिला धरून नेलं. पायांच्या तळव्यांवर फटके बसले. सातव्या दिवशी ती म्हणाली, हो, मीच.

खटला मजलिसपुढे, म्हणजे न्यायसभेपुढे, उभा राहिला तेव्हा अलेक्झांड्रियाहून माणसं बघायला आली. रशीदमध्ये उंदीर मेला तरी लोक विचारू लागले, झाफरानच्या हातचं खाल्लं होतं का रे?

नफूसा गप्प होती. एक दिवस ती रोट्या भाजायला सार्वजनिक भट्टीवर गेली. भट्टीवाली सत्तूता लांब दांड्याच्या फळीने रोट्या आत सरकवत, धुराने डोळे पुसत बोलत होती.

"ती झाफरान, मालकीण गेली त्या दिवशी पहाटेपासून इथे माझ्या डोक्यावर बसली होती. साठ रोट्या! मालकीण खिडकीतून ओरडत होती तिच्या मागे, एक जरी करपली तरी तुझी कातडी सोलते म्हणून. इथवर ऐकू येत होतं."

"म्हणजे ती निघाली तेव्हा मालकीण चांगली होती?" नफूसाने विचारलं.

"चांगली? मेलीचा आवाज भट्टीपेक्षा तापलेला. आणि ही परत जाते तर घरात रडारड."

"मग कोतवालीत सांग ना."

"सांगितलं की. मला म्हणतात, विष आदल्या रात्रीच कालवून ठेवता येतं, तू तुझ्या रोट्या बघ."

नफूसाने आपल्या रोट्या उचलल्या, त्या गरम आहेत हे तिच्या हाताला कळलं नाही. विष आदल्या रात्री ठेवता येतं. दाभण ठेवता येत नाही. तो खुपसणारा हात त्या वेळी तिथेच असावा लागतो. झाफरानचे दोन्ही हात साठ रोट्यांवर होते.

ती तशीच हज्जा तफीदाकडे गेली. म्हातारी कांदे निवडत बसली होती. नफूसाने भोकाचं सांगितलं.

"मला का सांगतेस?" हज्जा म्हणाली. "मी ऐकलंच नाही."

"हज्जा, तिला फाशी देतील."

"देतील. आणि तू बोललीस की उद्या या गावातली कुठली बाई आपली आई तुझ्या हातात देईल? आज भोक सांगितलंस, उद्या कोड सांगशील."

"भोक आणि कोड एक नाही."

"शपथ घेताना वेगवेगळं सांगितलं होतंस?" हज्जाने कांदा टोपलीत टाकला. "आणि भोक बुजवलं कुणी, हे पहिलं विचारतील. काय सांगशील?"

"मीच बुजवलं, असं."

"मग दोघींना एकाच दोरीला बांधतील. पोट कशावर भरणार आहेस, बाई? पन्नाशीत परत उखळ धरशील?"

नफूसा उठून घरी गेली. तीन दिवस ती घरात बसली. बोलावणं आलं तरी गेली नाही. चौथ्या दिवशी, बहिय्या गेल्याला एकतीस दिवस झाले तेव्हा, ती मजलिसच्या दारात जाऊन उभी राहिली आणि शिपायाला म्हणाली, मला सांगायचं आहे.

आत मधोमध मजलिसचा प्रमुख, तुर्की बे, बसला होता, शेजारी काजी. शाहीन खुर्चीवर होता. झाफरान जमिनीवर, पाय पुढे पसरून, कारण ते दुमडत नव्हते. नफूसाने तिच्याकडे पाहिलं नाही. जे केलं ते क्रमाने सांगितलं: केस, भोक, चोथा, बोळा.

शाहीनचा वकील उठला. "एवढे दिवस तोंडात काय होतं, खाला? रोटी?"

"शपथ होती."

"आणि आज ती गिळलीस?"

"गिळली."

"मेलेल्या बाईची इज्जत चव्हाट्यावर आणतेस, लाज नाही वाटत?"

"वाटते," नफूसा म्हणाली. "कबर उघडा. कापूस जिथे ठेवायचा असतो तिथे मी ठेवलाय. एक बोळा जास्तीचा आहे. तो नसेल तर मी खोटी."

बे पुढे वाकला. "नसेल तर पाठीवर दोनशे फटके. कळतंय?"

"कळतंय."

शाहीन खुर्चीतून उठला आणि परत बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कबर उघडली. कोरडी वाळू आणि थंडी, त्यामुळे शरीर बरंच टिकलं होतं. भोवती कनात धरली. हकीमाने कात्री काढली तशी नफूसा मध्ये आली.

"कापू नका. ओढाल तर बोळा केसांबरोबर कुठे जाईल सांगता येत नाही. मी सोडते."

ती गुडघ्यांवर बसली. स्वतःच घातलेल्या गाठी, पण ओले केस वाळून त्या आवळल्या होत्या. नखाने एकेक पेड सोडवताना तिला बराच वेळ लागला. कनातीबाहेर वकील मोठ्याने म्हणाला, "वेणीफणी चाललीय का आत?" कुणीतरी हसलं. तिसरी वेणी सुटली. तिने बोट खळग्यात फिरवलं. काही लागलं नाही. कातडी आक्रसून सगळं सरकलं होतं. पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा बोट केसांच्या मुळांशी थोडं वर नेलं आणि थांबवलं.

"इथे."

हकीमाने चिमटा घातला. आधी काळा पडलेला कापूस निघाला. त्याने चिमटा पुन्हा घातला, आणखी खोल, आणि ओढला. तबकात काहीतरी टणकन वाजलं. दाभणाचं मोडलेलं टोक होतं ते. त्याची नफूसालाही कल्पना नव्हती.

मग गिरणीतला पोती शिवणारा म्हातारा हसबल्ला याला उभं केलं. त्याने टोक तळहातावर घेऊन पाहिलं.

"सहा दाभण असतात. संध्याकाळी डब्यात ठेवतो. ती बाई गेली त्या संध्याकाळी पाच होते. मालक म्हणाले, शोधत बसू नकोस."

"हे आधी का नाही सांगितलंस?" बे ओरडला.

"आधी सगळे विषाचंच विचारत होते, साहेब."

गिरणीतला बापाकडून आलेला हिस्सा बहिय्या भावाला विकणार होती, हेही बाहेर आलं. खुपसताना कुणी पाहिलं नाही म्हणून काजीने फाशी नाकारली. मजलिसने शाहीनला बेड्या घालून दूर दक्षिणेत फाझोग्लीच्या खाणींवर धाडलं, पंधरा वर्षांसाठी. झाफरानला सोडलं, आणि गुलामगिरीतून मोकळं केल्याचा कागद हातात दिला.

नफूसाला फटके बसले नाहीत. हज्जा तफीदाने तिच्याकडून फळी आणि घागरी परत नेल्या. स्वतः आली नाही, हमाल पाठवला. दोन आठवड्यांत वरच्या आळीत तीन बायका गेल्या. तिन्ही वेळा नफूसाच्या दारावरून दुसरीच कुणीतरी गेली. ती भातगिरणीत विचारायला गेली. गिरणीला कुलूप होतं.

झाफरानला सोडलं त्या सकाळी नफूसा तुरुंगाच्या दाराशी जाऊन थांबली होती, फडक्यात रोटी आणि चीज घेऊन. झाफरान बाहेर आली. ती टाचांवर चालत होती.

"तूच ना ती?" तिने विचारलं.

"मीच."

"तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"हो."

"मला पकडलं त्या दिवशी?"

"हो."

"माझे तळवे फोडले, तेव्हा?"

"हो," नफूसा म्हणाली. तिने फडकं पुढे केलं.

झाफरानने फडकं घेतलं. भूक लागली होती. तिथेच उभी राहून तिने अर्धी रोटी खाल्ली, उरलेली कमरेला बांधली आणि नदीच्या घाटाकडे निघाली. तुरुंगाच्या पहिल्याच पायरीवर तिचा तोल गेला. नफूसाने दंड धरायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस," झाफरान म्हणाली. "मी अजून मेले नाही."

नफूसाने हात मागे घेतला. घाटापर्यंत अर्धा कोस वाट होती, उतरणीची, खडबडीत. ती दहा पावलं मागे राहून पूर्ण वाट चालली, झाफरान पडली तर उचलायला. झाफरान सात वेळा थांबली. पडली नाही.