बिघाड मेंदूत आहे

आईचे पाय ठीक आहेत, बिघाड मेंदूत आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आईने वळून माझ्याकडे बघितलं. (घरात मेंदूचा काही घोळ असेल तर तो माझाच, अशी तिची जुनी समजूत.)

वॉकर घेऊन चालतानाही, विशेषतः दारात, तिचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. मी मागून ओरडायचो, "आई, पाय उचल. घासू नकोस." तिला मात्र वेगळीच काळजी. माझ्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं आणि नातीचा शालू तिला उल्हासनगरच्या बाजारात स्वतः उभं राहून निवडायचा होता.

"तुझ्यावर सोडलं तर तू पडद्याचं कापड आणशील," ती म्हणायची.

उपाय ठरला: डोक्यावर तारांची टोपी घालून सौम्य करंट द्यायचा आणि त्याच वेळी ट्रेडमिलवर चालवायचं. अंबरनाथ पश्चिमेच्या सेंटरमध्ये पोचलो, तर तिथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीचा हात आईच्या केसांवरून घसरलाच.

"आजी, एवढं तेल?"

"मेंदूचं काम आहे ना, म्हणून जरा जास्त घातलं."

ते तेल पुसून काढेपर्यंत आईचा धीर सुटला. "मला नको करंट-बिरंट. आधी याला लाव."

तिला धीर यावा म्हणून मी टोपी घालून ट्रेडमिलवर चढलो आणि डोळे मिटले. "हां, मुंग्या येतायत. पण सहन होतं गं आई. ताई, आता जरा वाढवलंत का?"

"काका, मशीन अजून लावलेलंच नाही."

आई हसता हसता वाकली आणि आधाराला तिने नेमकं ट्रेडमिलचं बटण दाबलं. मी उभ्या उभ्या मागे गेलो, दारातून बाहेर पडलो आणि पॅसेजमधल्या बाकावर आदळलो. घोटा मोडला!

"बाळ्या!" म्हणत आई धावली. दारात क्षणभरही न अडखळता. मला रडू आलं. (घोटाही दुखत होता, पण ते वेगळं.)

मग आईने टोपी घालून सगळे व्यायाम नेमाने केले. शालूच्या खरेदीला ती पुढे चालत होती आणि मागून मी, तिचा वॉकर घेऊन.

"पाय उचल. घासू नकोस," दुकानाच्या दारात ती म्हणाली.

गादीवरच्या सिंधी शेठने माझं प्लास्टर पाहिलं. "अरे साईं, पैर को क्या हुआ?"

आईने शालूवरची नजरसुद्धा काढली नाही. "पैर को कुछ नहीं हुआ, शेठ. बिघाड मेंदू में है."