शुभेच्छुकांची जागा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स छापणाऱ्या बाई प्रत्येक मजकूर छापण्याआधी मोठ्यानं वाचतात. साधा वाढदिवसाचा असला तरी भांडण काढल्यासारखा. मी शाळेचा फलक सांगायला गेलो, तेव्हा एका व्हिडिओ गेमचा एजंट समोर बसला होता.

"गेमच्या नावापेक्षा 'फक्त अठरा वर्षांवरील' मोठं करा, लाल रंगात. खाली 'बंदी येण्याआधी खेळा'. दहावीच्या क्लाससमोर लावायचंय."

बाईंनी ते वाचलं आणि माऊस सोडला. "अठराच्या आत मनाई हाय, मग दहावीच्या पोरांस्नी कशापायी दाखवता?"

"मनाई दिसली की पोरं जास्त येतात, ताई."

"छापते की! पण खाली शुभेच्छुक म्हणून तुमचा फोटो टाकणार. शेजारी तुमच्या पोराचा."

"फोटो कशाला?"

"सोलापुरात बिनफोटूचा फ्लेक्स असतो व्हय?"

तो तणतणत उठला आणि त्यानं फ्लेक्स दुसरीकडून छापून घेतला. क्लाससमोर तो फ्लेक्स लागला, त्याच दिवशी बाई शिडी घेऊन निघाल्या. शिडी मी धरली. फ्लेक्सच्या खाली त्यांनी स्वतः छापलेली पट्टी बांधली आणि सवयीप्रमाणे भर रस्त्यात मोठ्यानं वाचली,

"शुभेच्छुक : कुणीच न्हाय!"