दोन सीटची गाडी

विकायला काढली तेव्हा ती गाडी इतकी देखणी दिसत होती की मला तिचा रागच आला. गडद हिरवा रंग, तारांची चकचकीत चाकं, छप्पर मागे दुमडलेलं, आणि सीटा दोनच. माझ्या जन्माच्याही आधीची विलायती गाडी, आणि उभी कुठे, तर कोकणात, बोर्ली पंचतन गावी, आमच्या अंगणात, पापड वाळत घातलेल्या बाजेशेजारी.

आणली आमच्या ह्यांनी. हे लाल बसचे ड्रायव्हर. सगळी नोकरी श्रीवर्धन, म्हसळा, तळा करत घाटातल्या वळणांत गेली. निवृत्त झाले त्या वर्षी श्रीवर्धनच्या एका वाडीतल्या शेडमध्ये, सुपारीच्या पोत्यांखाली ही सापडली. मालकाला शेड मोकळी करून हवी होती. ह्यांनी टेम्पोत घालून घरी आणली आणि मी कपाळाला हात लावला. गाडी कसली, गंजकी परात होती ती! म्हटलं, "काय करणार हिचं?" तर म्हणाले, "बघू." एका शब्दात उरकायची ह्यांची जुनी खोड.

मग काही वर्षं नुसती ठोकठोक. इंजिन सोडवून माझ्या सारवलेल्या ओटीवर मांडलं. पत्रे बदलले, सुटे भाग मुंबईहून मागवले, नाही मिळाले ते बाहेरदेशातून आले. छप्पर मात्र मी शिवलं. होड्यांवर घालतात तसलं जाड कापड आणलं आणि मशीनच्या सुया मोडत, ह्यांना बोल लावत, शिवून काढलं. तेव्हापासून गाडी थोडी माझीही झाली.

आणि नेमकी ती रस्त्याला लागली तेव्हा ह्यांची नजर गेली. एकदम नाही. काचबिंदू होता. कडेकडेचं दिसेनासं होत गेलं आणि आता नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा, आणि गाडी चालवणं बंद. त्या दिवसापासून हे फाटकाबाहेर पडले नाहीत. देऊळ नाही, बाजार नाही, सख्ख्या पुतणीचं लग्नसुद्धा नाही. वाटेवरचं प्रत्येक गाव ज्याला हाक मारायचं तो माणूस फाटकाची कडी धरून उभा! मी म्हणायची, "अहो, रिक्षा सांगते, चला माझ्याबरोबर." तर म्हणायचे, "मला हाताला धरून कोणी न्यायचं न्हाय. आणि ड्रायव्हरशेजारी बसून तर मी जाणारच न्हाय." गाडीचं काय ते होवो, मला भीती वाटायची ती ह्यांची. हा माणूस असाच त्या फाटकाशी संपून जाईल असं वाटायचं.

विकायचं त्यांनीच ठरवलं. "समुद्राची हवा हाय. नुसती उभी राहिली तर गंज खाऊन टाकेल. चालवणारा मिळू दे तिला." भाच्याने फोटो काढून मोबाईलवर जाहिरात टाकली. फोन भरपूर आले. प्रत्येकाचा प्रश्न एकच, गाडी चालवून कोण दाखवणार?

मी म्हटलं, "मी दाखवीन."

हे हसले. किती महिन्यांनी हसले, आणि कोणाला, तर मला! झालं, मी इरेला पेटले. साठी जवळ आलेली असताना ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं आणि लायसन घेऊन दाखवलं. पण खरी शाळा घरी होती. मी गाडी काढून पुढच्या वळणापर्यंत जायची, परत यायची, आणि हे फाटकाशी उभं राहून ऐकायचे. मी आले की सुरू. "दुसरा टाकताना क्लच अर्धाच दाबलास." "वळणावर हॉर्न कुठं दिलास?" "उताराला न्यूट्रल? गाडी हाय का घसरगुंडी?" मी वैतागून म्हणायची, "एवढं कळतंय तर बसा ना शेजारी येऊन." की हे लागले फाटकाची कडी चाचपायला.

शिकवणारा बसचा ड्रायव्हर, तेव्हा मी शिकले ती बसच. मागे भरलेली बस आहे असं धरून वळण लांबून घ्यायचं, खड्ड्यात हळू, आणि रस्त्यात कोणी हात केला की थांबायचं. "म्हातारं माणूस तर सोडायचंच न्हाय. उन्हात कधीचं उभं असतं बिचारं."

"अहो, दोन सीटची गाडी आहे!"

"थांबायला सीट लागत न्हाय."

शेवटी अलिबागला बंगला बांधून राहिलेले एक गृहस्थ आले. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, बोलणं मऊ. गाडीभोवती दोनदा फिरले आणि माझ्या शेजारी बसले. मी निघाले. पहिलंच वळण इतकं लांबून घेतलं की ते म्हणाले, "बाई, आपल्या मागे काहीच नाहीये." म्हटलं, "असू दे. सवय आहे."

पुढच्या वळणावर एक म्हातारी उभी होती, डोक्यावर पाटी. तिने हात केला आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. ती जवळ येऊन गाडीकडे बघतच राहिली. "अगो बाय, छप्पर उडालं काय गो हिचं?" मी गृहस्थांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मनात म्हटलं, गेलं गिऱ्हाईक! तेवढ्यात ते दार उघडून खाली उतरले, म्हातारीची पाटी उतरवून घेतली आणि म्हणाले, "बसा आजी. मी थांबतो सावलीत." म्हातारीला बाजारात सोडलं. अख्खा बाजार आ वासून बघत होता आणि ती मात्र ताठ बसली होती. मी परत आले तर गृहस्थ ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसून शीळ घालत होते. गाडीत बसता बसता म्हणाले, "मी घेतो ही."

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "एवढा वेळ कुठं लावलास?" मी म्हातारीचं सांगितलं. हे गृहस्थांकडे वळून म्हणाले, "साहेब, माझी हरकत न्हाय. पण वाटेत कोणी हात केला तर..."

"थांबेन," ते म्हणाले.

ठरलं असं की रविवारी मी गाडी दिघीच्या धक्क्यावर न्यायची. गृहस्थ तिथून ती जंगरवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीवर, चढवून खाडीपलीकडे नेणार आणि मी बसने परत येणार. सकाळी गाडी पुसली, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ वाढवला. ह्यांनी बॉनेटपासून मागपर्यंत सगळीकडून तळहात फिरवला. माझ्या छपराच्या शिवणीवर हात जरा थांबला. "पक्की हाय," म्हणाले. एवढ्या वर्षांत त्या शिवणीचं केलेलं हे पहिलं कौतुक!

मी विचारलं, "येताय?"

"जा तू. मी ऐकतो हितून."

मला इतकं वाईट वाटलं आणि इतका संताप आला की धाडकन दार लावून आत बसले. गाडी सुरू केली, फाटकाबाहेर काढली. पहिला, मग दुसरा. आरशात बघितलं तर हे तसेच, कडी धरून उभे. मग कडीवरचा हात सुटला आणि वर गेला. रस्त्याकडेला बसची वाट बघणारी माणसं करतात, अगदी तसा ह्यांनी हात केला.

मी थांबले. उतरून धरायला गेले नाही, ते त्यांना चाललं नसतं. कुंपणाच्या गडग्याला हात लावत ते एकटे, सावकाश आले. डाव्या बाजूचं दार चाचपून उघडलं, आत बसले, दार ओढून घेतलं आणि सरळ समोर बघत म्हणाले,

"दिघी. एक."

माझे डोळे भरून आले आणि हसूही फुटलं.

"सुट्टे काढून ठेवा," मी म्हटलं, आणि क्लच पूर्ण दाबून पहिला टाकला.