हरेशदादाची शेवटची पत्रिका

हरेशदादाच्या नंबरवरून फोन आला तेव्हा वाटलं, परत सॉफ्टवेअरचंच विचारणार. मागे कित्येक महिने त्याचं तेच चाललं होतं, हे घेऊ की ते घेऊ... पण पलीकडे वहिनी होती. "तुझा दादा गेला गं," एवढंच म्हणाली. सकाळी चहा घेऊन कॉम्प्युटरसमोर बसला, तो तिथेच.

हरेशदादा माझा चुलतभाऊ. खाडीकाठच्या आमच्या गावात त्याच्या पत्रिकेशिवाय लग्न लागत नसे. एव्हरशाईन वसाहतीतल्या त्याच्या छपाईच्या दुकानात तो लग्नपत्रिका छापायचा. कुणाचा बाप गेलेला असला तर त्या नावाआधीचं 'कै.' जरा बारीक अक्षरात टाकायचा. लग्नघरात ते डोळ्यांत खुपू नये, म्हणायचा. पुढे लोक फोनवरच आमंत्रणं धाडू लागले, छपाई आटली, आणि पन्नाशी उलटल्यावर हा गडी वेब डिझाइन शिकायला निघाला. कारण एकच, लेक प्रणाली. गावभरच्या पोरींच्या पत्रिका त्याने केल्या. तिची दुसऱ्याच्या हातून होणं त्याला खपणार नव्हतं.

मी वेबसाइटच बनवते, म्हणून माझ्या मागे लागला. मी सांगितलं, महागडं काही घेऊ नकोस. फुकटच्या साध्या एडिटरमध्ये आधी हाताने एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा, लिही, मग रंगरूपासाठी सीएसएस शीक, बाकीचं नंतर. ऐकेल तर शपथ! पहिलं पान केलं ते पट्टीने स्क्रीन मोजून. पत्रिकेच्या मापाचं एक सलग चित्र. कॉम्प्युटरवर देखणं, आणि फोनवर मामांची नावं मुंग्यांएवढी. मी हसत सुटले, तो भडकला.

"पन कागद संपतो कुठं, ते सांग ना मला!"

"संपतच नाही, दादा. मजकूर वाढला की पानाने आपणहून जागा करायला हवी."

त्यानंतर त्याने काही विचारलं नाही. नाद सुटला असेल, असं मला वाटलं.

तेराव्यानंतर ठरलं, प्रणालीचं लग्न वर्षाच्या आतच उरकायचं. आपल्यात तसंच करतात. प्रणालीने मला त्याच्या खुर्चीत बसवलं. पट्टी अजून मॉनिटरला टेकून उभी होती. पान उघडलं. सगळं हाताने लिहिलेलं, ओळ न् ओळ. फक्त तारीख भरायची राहिली होती. फोन उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. कुठे काही तुटत नव्हतं. शाबास म्हणायला समोर माणूस नव्हता... मला रडू आवरेना, आणि त्याचा रागही आला. एक फोन करायचा होतास, दादा.

"आत्या, पप्पांचं नाव..." प्रणालीने स्क्रीनवर बोट ठेवलं.

त्याने लिहिलं होतं, 'सौ. व श्री. हरेश यांची कन्या'. वहिनी दारातच उभी होती. तिने मान डोलावली. मी ते खोडलं आणि टाइप केलं, 'श्रीमती सुनंदा व कै. हरेश यांची कन्या'. 'कै.' त्याच्यासारखंच बारीक केलं.

ओळ वाढली. खालची सगळी नावं निमूट सरकली आणि तिला जागा झाली.