येवल्याच्या गाडीने येणारा अभिप्राय

विंचूरच्या स्टँडवर दादाने माझी ट्रंक टपावर चढवली आणि आई खिडकीखाली उभी राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "पोटाला मारू नको, दत्तू." आणीबाणी उठली त्या वर्षाची गोष्ट. मला नाशिकला आयटीआयमध्ये टर्नरला जागा मिळाली होती. वडील मी लहान असतानाच गेलेले, त्यामुळे निरोप द्यायला घरातली तीनच माणसं: आई, दादा आणि वहिनी. सुनेने स्टँडवर यायची आमच्यात पद्धत नव्हती, पण वहिनी आली. गाडी हलायच्या आत खिडकीशी येऊन ती हळूच म्हणाली, "भाऊजी, नाशकात द्वारका चौकाच्या पुढे गल्लीत एक वाचनालय आहे. आधी तिथं नाव घाला. बाकी सगळं होत राहतं."

वहिनी नाशिकची. मॅट्रिक झालेली, आणि त्या वाचनालयातली अर्धी कपाटं रिकामी करून आमच्या घरी आलेली. मी तिच्या गावाला निघालो होतो आणि ती माझ्या गावात मागे राहणार होती. ही अदलाबदल तेव्हा माझ्या डोक्यात शिरली नाही. मला रडू येत होतं आणि शेजारच्या सीटवरच्या म्हातारबाबांना ते दिसू नये एवढीच काळजी होती.

जे गावातच राहिले त्यांना हे वाचून हसू येईल. विंचूर ते नाशिक, त्यात कसलं आलंय परदेशगमन! पण माझ्यासारखे जे निघाले त्यांना ठाऊक आहे, माणूस एकदा घराच्या बाहेर जेवायला लागला की अंतर मैलांत मोजता येत नाही. द्वारकेजवळ एका चाळीत कॉट बेसिसवर जागा घेतली. सकाळी सायकलने सातपूर, दिवसभर लेथवर लोखंड, संध्याकाळी परत. शिकवणारे उस्ताद सोडले तर दिवसाकाठी कोणी नावाने हाक मारायचं नाही.

डबा मात्र घरचा यायचा. त्या काळी गावाकडची पोरं शहरात शिकायला आली की डबा एसटीने येई. आमचा येवल्याच्या गाडीने. दादा सकाळी विंचूरला कापडी पिशवी ड्रायव्हरच्या शेजारी ठेवून देई, मी द्वारकेला उतरवून घेई आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत जाई. त्या रिकाम्या डब्याच्या पिशवीत मी पुस्तक घालू लागलो. दादाने त्याबद्दल कधी अक्षर काढलं नाही. पिशवी जड लागली तर त्याला कळत असणारच.

वाचनालयातले काका म्हणजे एक वल्ली. तुम्ही मागाल ते पुस्तक कधीच द्यायचे नाहीत. "हे नको, हे घ्या," म्हणून हातात कोंबायचे. माझा ओढा विज्ञानकथांकडे: यंत्रमानव, परग्रह, काळाच्या मागे जाणाऱ्या गाड्या. वहिनीला ऐतिहासिक लागे, तेही लढाईपेक्षा गडावरच्या माणसांचं. अधूनमधून काका एखादी राक्षस-जादूगारांची अद्भुत कादंबरी देत. तिला लहान पोरांची समजू नका, मोठ्यांनाच त्याची जास्त गरज असते, असं त्यांचं मत. माझंही आता तेच झालंय.

पुस्तक जाई, वाचून परतही येई, पण ते कसं वाटलं हे कळायचं कसं? सुनेने दिराला चिठ्ठ्या पाठवल्या असत्या तर गल्लीला महिनाभर चघळायला विषय मिळाला असता. एकदा मी एक भलतीच रटाळ कादंबरी पाठवली. तिच्यातला सरदार दर पानाला मिशीवर ताव देऊन भाषण ठोकायचा. आठवड्याभराने डब्यात कारल्याची भाजी. पुढे एक खरोखर चांगली पाठवली, तर पोळ्यांच्या खाली शेंगदाण्याचे दोन लाडू. दिवाळीत घरी गेलो तेव्हा विचारलं, तर वहिनी म्हणाली, "मग? तसल्या पुस्तकाला कारल्याशिवाय दुसरं काय द्यायचं?" आई चुलीपाशी बसून गालातल्या गालात हसत होती. मी मनात म्हटलं, तिला कारल्या-लाडवांची भाषा कळली असेल, पुस्तकाचं काय कळणार!

अशी आमची चर्चा वर्षभर चालली. बरं वाटलं तर ठेचा, मनापासून आवडलं तर लाडू, फसलं तर कारलं. डबा उघडताना मी आधी वास घेई. पेपरात परीक्षणं येतात ती मी आजही वाचतो, पण एकाही परीक्षणाने माझं पोट भरलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात खोलीतला जोडीदार सिन्नरला बिडीच्या कारखान्यात लागला आणि गेला. खोलीत मी एकटा उरलो. वर्गात लेथवर कातायचा एक जॉब बिघडला, उस्तादांनी सगळ्यांसमोर सोलून काढलं. रविवारी तर कोणाशी बोलायला मिळावं म्हणून मी गोदाकाठी जाऊन भाजीचे भाव विचारत फिरायचो आणि काही न घेता परत यायचो. हे घरी कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय, मला एकटं वाटतं? आमच्याकडे असल्या दुखण्याला नाव नव्हतं.

त्याच दिवसांत काकांनी एक दोन भागांची कादंबरी दिली. गडाला वेढा पडलाय, किल्लेदार बाहेर अडकलाय, आत त्याची बायको किल्ला लढवतेय. पहिला भाग संपतो तो फितुराने आतून दाराचा अडसर धरलाय इथे. मी ती एका बैठकीत वाचली, आनंदाने वेडा झालो आणि पाठवून दिली. हिला नक्की लाडू येणार.

आलं कारलं.

म्हटलं ठीक आहे, आवडनिवड असते. दुसरा भाग काही आणला नाही, त्याऐवजी एक विज्ञानकथांचं पुस्तक पाठवलं. पुन्हा कारलं. त्यानंतर रोजच कारलं. मला वाटलं, वहिनी कंटाळली. घरात कामं थोडी असतात का? त्यात या दिराची पुस्तकं! सरळ सांगवत नाही म्हणून कारल्यावर कारली पाठवतेय. मी पुस्तक पाठवायचं बंद केलं. रिकामा डबा जाई, भरलेला येई आणि मी तो मुकाट्याने संपवी. जगाशी माझं एवढंच बोलणं होतं, तेही थांबलं. मग एका शनिवारी मी ठरवलं, पुरे झालं. कोर्स सोडायचा, घरी जायचं, दादाबरोबर कांदा लावायचा. ट्रंक भरली, दोरी बांधली आणि रोजच्या सवयीने डबा उतरवायला द्वारकेला गेलो.

गाडी थांबली, आणि पिशवी हातात घेऊन आईच उतरली.

आई एकटी कधी विंचूरच्या बाहेर पडली नव्हती. सिंहस्थाला आली तीही अख्ख्या गल्लीबरोबर. मी धावत गेलो, "काय झालं? दादा बरा आहे ना?"

"त्याला काय व्हतंय," आई म्हणाली. पदराने घाम पुसला आणि भर रस्त्यात, टांगे-ट्रकांच्या गोंगाटात मला दरडावून विचारलं, "दुसरा भाग कुठंय?"

"कसला भाग?" मी विचारलं.

"आरं, त्या मेल्यानं आडसर काढला का नाय, येवढं सांग. तिकडं तुझी वहिनी भाकरी थापताना गप, मी बी गप. ती म्हनं भाऊजींना आभ्यास आसंल, नका तरास देऊ. म्या म्हनलं, पोरगं द्यायला नाय म्हनंल तर मी वाचनालयवाल्याला इचारते."

तेव्हा मला कळलं. दुपारी कांदा निवडताना वहिनी मोठ्याने वाचायची आणि माझी निरक्षर आई शब्द न् शब्द ऐकायची. मी पाठवलेलं एकेक पुस्तक तिने ऐकलं होतं. मिशीवाल्या सरदाराला कारलं द्यायची कल्पनासुद्धा तिचीच. "मग या वेळी एवढी कारली का?" मी विचारलं.

"परसातला येल लय लागलाय औंदा. फेकून द्यायची का?"

मी रस्त्यात उभा राहून हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आईने पिशवी माझ्या हातात दिली. खोलीवर आली, तिथं दोरी बांधलेली ट्रंक पाहिली. कॉटवर बसून तिने मला समोर जेवायला लावलं. जेवण होत आलं तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाली, "तू हितं नसला तर आमाला पुस्तक कोन धाडील?"

एवढंच. "शिकून मोठा हो" नाही, "घराण्याचं नाव काढ" नाही. मी इथे असण्याचा कोणाला तरी उपयोग आहे हे मला त्या गावात पहिल्यांदाच कोणी सांगितलं. आईला घेऊन वाचनालयात गेलो. काका नेहमीप्रमाणे "हे नको, हे घ्या" म्हणायला लागले, तर आई म्हणाली, "बाबा, माझा किल्ला अडकलाय, आधी त्यो द्या." काकांनी निमूट दुसरा भाग काढून दिला. त्यांनी कोणाचं ऐकल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं. आई संध्याकाळच्या गाडीने गेली. मी खोलीवर येऊन ट्रंकेची दोरी सोडली.

कोर्स पुरा केला. नोकरी लागली ती बडोद्याला, आणि तिथे येवल्याची गाडी येत नाही. आता मी शिफ्टमध्ये काम करतो, गोड डाळ खातो, "केम छो" म्हणतो. घरमालक माझ्या हातात पुस्तक बघून "कई चोपडी?", कुठलं पुस्तक, असं विचारतात आणि हिशेबाची नाही कळल्यावर त्यांचा रस संपतो. इथल्या वाचनालयात मराठी पुस्तकं भरपूर आहेत. मी वाचतो, आणि पुस्तक मिटल्यावर खोलीत इकडेतिकडे बघतो, हे सांगायचं कोणाला? घरी टपालाने पार्सल करत राहिलो, पण भाजी काही टपालाने येत नाही. दिवाळीत गेलो की सगळी मतं एकदम ऐकायला मिळत. एका गोष्टीत एक जण अवकाशयानातून दूरच्या ताऱ्यावर जातो आणि परत येतो तेव्हा तो तरणाच असतो, गाव मात्र म्हातारं झालेलं असतं. मला त्यातलं शास्त्र फार आवडलं होतं. आई म्हणाली, "त्येच्या आईनं तवर दिस कसं काढलं, ते लिव्हायचं ऱ्हायलं बघ." त्यानंतर मला कुठलीही विज्ञानकथा पूर्वीसारखी वाचता आलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. तार पोचून मी घरी येईस्तोवर सगळं उरकलं होतं. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं, मग रिकामं. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी कांदा निवडायला बसली. मी समोर बसलो. फळीवर मीच पाठवलेली एक अद्भुत कादंबरी होती, राजकन्येचा निरोप घेऊन सात डोंगर ओलांडणाऱ्या पाखराची. मध्ये खुणेला दोरा घातलेला.

"चौथ्या डोंगरापर्यंत आलो होतो," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, आज दम लागतोय, उद्या वाच."

"पुढे काय झालं?"

"मी नाही वाचलं, भाऊजी. एकटीने वाचून काय करू?"

इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी एकमेकांना किती पुस्तकं दिली-घेतली, पण एका खोलीत बसून एकही वाचलं नव्हतं. घर म्हणजे काय, असं मला बडोद्यात कोणी विचारलं तर मी आता तिथल्या भिंती सांगणार नाही, परसातला वेलही नाही. पुढे काय झालं हे आपल्यावाचून एकट्याने जाणून घ्यायला जिथलं माणूस तयार नसतं, ते माझं घर. मला ते समजायला आईला जावं लागलं, याचं दुःख मला जन्मभर पुरेल.

मी पुस्तक घेतलं, दोरा काढला आणि वाचायला लागलो. पाखरू चौथ्या डोंगरावरून उडालं. मी हळू आवाजात, थांबत थांबत वाचत होतो. वहिनी मान खाली घालून कांद्याची टरफलं काढत होती. दादा बाहेर ओट्यावर पाठ करून बसला होता. आम्हाला वाटलं, त्याचा डोळा लागलाय.

पाचव्या डोंगराशी आलो तेव्हा आमच्याकडे तोंड न वळवताच तो म्हणाला, "मोठ्यानं वाच, दत्तू. हितपर्यंत येत नाय."