बोरं मोरीत, खोगीर दिवाणखान्यात

"सुमीची आई, तिचा ओचा रिकामा करा. इथे नाही. मोरीत."

माईसाहेब एवढंच बोलल्या. आवाज चढवला नाही. दिवाणखान्यात गल्लीतल्या दहा-बारा बायका बसलेल्या, त्यांची पोरं जाजमावर पसरलेली, आणि मधोमध माईसाहेबांचा दोन वर्षांचा नातू. काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने. त्याचं बोरन्हाण चाललं होतं. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतायचे आणि खाली पडलेलं बाकीच्या पोरांनी लुटायचं. माझी सुमी पाच वर्षांची. तिनं फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी धरून त्यात चांगली बोरं जमवली होती. धाकट्या भावासाठी वेगळी, फ्रॉकच्या एका कोपऱ्यात.

मी उठले. तिचा हात धरून मोरीपाशी नेलं आणि ओचा उलटा केला. माझ्या हातांनी. बोरं गडगडत भोकापाशी जाऊन अडकली. चुरमुरे ओल्यात चिकटले. सुमी रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली.

मागे माईसाहेब बाकीच्या बायकांना सांगत होत्या, "ज्या मुलांनी तिच्याजवळचं उचललं असेल नं, त्यांचंही टाकून द्या. दुसरं देते मी." मग बाकीची पोरं रडायला लागली आणि सगळी सुमीकडे बोट दाखवायला लागली.

तिनं काय केलं होतं? एक वाक्य बोलली होती. ते सांगायचं तर आधी आम्ही त्या घरात कसे आलो ते सांगावं लागेल.

माझे सासरे संस्थानच्या पागेत खोगिरं शिवायचे. त्यांचे वाडवडीलही तेच. साताऱ्याकडून फौजेबरोबर आलेली माणसं, घोडे जिथं जातील तिथं जायची. ग्वाल्हेरला घोडे थांबले, तसे आम्हीही थांबलो. पागेच्या नोकरांच्या लाइनीत घर होतं. एक खोली, एक पडवी. आजूबाजूला सगळी आपलीच माणसं, कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. सासरे गेले, मग माझा नवरा त्याच जागेवर बसून शिवायला लागला. मग संस्थान विलीन झालं. मध्यभारत झालं. मोठमोठ्या लोकांची भाषणं झाली, आता सगळे सारखे म्हणाले. पागा मोडली. घोडे गेले. लाइनीतली घरं रिकामी करा म्हणून सांगून गेले. नवऱ्याला नव्या सरकारच्या दफ्तरात चपराशाची जागा मिळाली, हे नशीबच. पण राहायचं कुठं?

माधवगंजात माईसाहेबांच्या घरामागे एक खोली होती. त्यांच्या घरातले पुरुष दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते. दरबार गेला, नोकरचाकर गेले, मागची खोली ओस पडली. माईसाहेबांना भाडेकरू मराठीच पाहिजे होता. त्यांनी विचारलं, "कुठले तुम्ही?" नवरा म्हणाला, "साताऱ्याकडचे. चार पिढ्या फौजेत." आमचं आडनाव मराठ्यांतही असतं. माईसाहेबांनीच ठरवून टाकलं, "म्हणजे शिलेदार." आम्ही हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. कडेवर दीड वर्षाचा बबन तापानं फणफणलेला होता. डोक्यावर छप्पर हवं होतं.

खोली चांगली होती. खिडकी होती. अंगणात नळ होता, लाइनीत तो नव्हता. सुमीला नळाचं फार कौतुक. सारखी जाऊन हात धुवायची. मी चूल मांडली, भिंतीला चुना दिला, बबनला खिडकीच्या गजाला झोळी बांधली. नवऱ्यानं चामड्याच्या कामाची, आरी आणि रापीची पेटी, त्याच्या बापाची, माळ्यावर अगदी मागे सारली आणि पुढे गोधड्या रचल्या. मी पाहिलं. नव्या घरात सगळं सामान बाहेर मांडलं, फक्त ती पेटी लपवली.

दसऱ्याला माईसाहेबांनी दिवाणखान्यातलं खोगीर बाहेर काढलं. त्यांच्या सासऱ्यांना दरबारातून मिळालेलं. लाल मखमल, कडेला जरीची वेलबुट्टी, खाली जाड चामडं. घोडा आता घरात नव्हता, पण पूजा दर वर्षी व्हायची. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. सगळ्यांनी हात जोडले. आम्हीही दारात उभे राहून जोडले. नवरा मात्र वाकून खोगिराच्या खालच्या बाजूला बघत होता. घरी आल्यावर दार लोटून घेतलं आणि सुमीला मांडीवर बसवून म्हणाला, "ते खोगीर तुझ्या आजोबांनी शिवलंय. खाली तीन तिरके टाके आहेत नं, ती त्यांची खूण."

त्याचा चेहरा इतका उजळलेला मी लाइन सोडल्यापासून पाहिला नव्हता. हे बाहेर बोलू नकोस असं पोरीला सांगायला मात्र तो विसरला. बापाच्या हातचं काम समोर पुजलेलं पाहिल्यावर माणसाला तेवढं भान कुठून राहणार?

संक्रांतीनंतर माईसाहेबांनी नातवाचं बोरन्हाण काढलं. बबनचंही पहिलंच होतं. मी त्याच्यासाठी काळ्या खणाच्या तुकड्याचं झबलं शिवलं होतं, रथसप्तमीच्या आत आमच्या खोलीत करू म्हणून. माईसाहेबांनी आम्हालाही बोलावलं. पोरांना पाटावर बसवतात, पण त्यांनी पाटावर खोगीर ठेवलं आणि त्यावर नातवाला बसवलं. "आमचा सरदार," म्हणाल्या. बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, "दरबार गेला तर गेला, थाट नाही गेला हो." माईसाहेबांचे डोळे भरून आले होते.

आणि माझी सुमी ओचा सावरत, आनंदानं सगळ्यांना सांगत सुटली, "ये वाला खोगीर माझ्या आजोबांनी शिवलंय! नीचे बघा, तीन टाके आहेत!"

एका बाईनं खरंच वाकून बघितलं. टाके होते.

मग माईसाहेबांचं ते वाक्य.

त्यांनी बोरं टाकायला लावली. नातवाला खोगिरावरून उठवलं नाही. आम्ही मोरीपाशी होतो तेव्हा त्याच्यावर दुसऱ्या सुपातली बोरं ओतली जात होती आणि तो सासऱ्यांनी शिवलेल्या चामड्यावर बसून टाळ्या पिटत होता. हे मी पाहिलं. त्या वेळी नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नळ राखेनं घासलेला होता. माईसाहेब अंगणात आल्या, बऱ्याच लांब उभ्या राहिल्या.

"पहिले सांगायचं नं तुम्ही लोकांनी. पूर्ण गल्लीत चर्चा होऊन राहिली आहे. सगळ्यांनी तुमच्या हातचा तिळगूळ खाल्ला आहे."

मी हातातली घागर खाली ठेवली.

"मी तुम्हाला घालवत नाही आहे. लहान मुलं आहेत तुमची. एक काम करा. रथसप्तमीला हळदीकुंकू आहे आपल्याकडे. सगळ्यांसमोर सांगून टाका, मुलगी काहीतरी बोलली. खोटं बोलायची सवय आहे तिला. बात खतम. पाणी आमची बाई वरून ओतेल तुम्हाला. येणंजाणं मागच्या गल्लीतून. बाकी आम्हाला काही म्हणायचं नाही."

दया केल्यासारखं बोलत होत्या. त्यांना स्वतःला ती दयाच वाटत होती, त्याचा मला जास्त राग आला. त्यांना आमची काळजी नव्हती. शिलेदार म्हणून आम्हाला घरात घेतलं, दिवाणखान्यात बसवलं, ही त्यांची फजिती झाली होती, ती माझ्या पाच वर्षांच्या पोरीनं झाकायची होती.

नवरा दफ्तरातून आला. मी सगळं सांगितलं. तो पायातले जोडे काढत बसला.

"म्हण एकदा," तो म्हणाला. "आपलं काय जातं? बबन आत्ता कुठं अंग धरायला लागलाय. आता कुठं हिंडायचं? आणि खोटीच म्हणायचं नसेल पोरीला तर जीनगर आहोत म्हण. तेही खोगीरच शिवतात. त्यांचा कुणी विटाळ धरत नाही."

"आपण जीनगर आहोत का?"

"नाही."

"मग?"

"मग काय? दफ्तरात भिंतीवर लिहून लावलंय, अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे. त्याच भिंतीखाली माझा पाण्याचा पेला वेगळा आहे. तू एकटी काय करणार आहेस?"

त्याला मी दोष देत नाही. त्याची पागा गेली, बसायची जागा गेली, हातातलं काम गेलं. आता छप्परही जाईल म्हणून तो घाबरला होता. मीही घाबरले होते. त्या क्षणाला मी म्हणणारच होते, बरं, म्हणते एकदा.

सुमी जागीच होती. गोधडीतून म्हणाली, "आई, मी झूठ बोलले का?"

मी म्हणाले, "नाही."

"मग बाबा असं का म्हणत आहेत?"

नवरा तोंड फिरवून बसला. पण मला कळलं की मी त्या दिवाणखान्यात जाऊन ते वाक्य बोलले, तर ही पोर जन्मभर स्वतःच्या खऱ्यालाही खोटं समजेल. खोली वाचेल. पोर जाईल.

रथसप्तमीला मी गेले. सुमीचा हात धरून गेले. माईसाहेबांनी आम्हाला उंबऱ्याच्या अलीकडे, जाजमाच्या बाहेर बसवलं. सगळ्यांना स्वतःच्या बोटानं कुंकू लावलं. माझ्यापुढे करंडा जमिनीवरून सरकवला. "घ्या लावून." मी लावलं नाही. करंडा तसाच राहिला. खोगीर परत आपल्या जागी, भिंतीशी, लाकडी घोडीवर ठेवलेलं होतं. पुसून चकचकीत केलेलं.

वाण वाटून झालं. माईसाहेब हसत म्हणाल्या, "हं, त्या दिवशीचं सांगून टाका नं एकदा सगळ्यांना. मुलं काय, काहीही बोलतात."

मी उभी राहिले.

"सुमी खरं बोलली," मी म्हणाले. "हे खोगीर माझ्या सासऱ्यांनी शिवलंय. आम्ही शिलेदार नाही. जीनगर नाही. चांभार आहोत."

कुणीतरी पदर तोंडाला लावला. माईसाहेब म्हणाल्या, "अहो, काय बोलताय?"

"तुम्ही आमच्या पोरीची बोरं मोरीत टाकायला लावलीत. तिनं ती घटकाभर हातात धरली होती. हे चामडं आमच्या म्हाताऱ्यानं भिजवलं, रापीनं तासलं, सुताला लाळ लावून शिवलं. महिनाभर त्याच्या मांडीवर होतं. आता हेही मोरीत टाका. मी थांबते."

खरंच थांबले. एकही बाई उठली नाही. माईसाहेब खोगिराकडे बघत होत्या आणि मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत मला लाज दिसली नाही. नुसता संताप होता. खोगीर कुणी हलवलं नाही. नाही टाकवणार, हे मला माहीत होतं. त्यांच्या सगळ्या मोठेपणातलं तेवढंच शिल्लक होतं, आणि ते आमच्या घरातून गेलेलं होतं.

"आजच्या आज खोली रिकामी करा," माईसाहेब म्हणाल्या. ह्या वेळी आवाज चढला होता.

नवरा आला तेव्हा मी झोळी सोडून गुंडाळत होते. मला वाटलं, ओरडेल. तो ओरडला नाही, शाबासही म्हणाला नाही. माळ्यावर चढला, गोधड्या बाजूला केल्या आणि पेटी खाली काढली. हातगाडीवर सगळ्यांत वर ठेवली. माधवगंजातून आम्ही पुढच्या दारानं, भर रस्त्यानं बाहेर पडलो. गल्लीतल्या खिडक्या उघड्या होत्या.

बबनचं बोरन्हाण राहिलंच. रथसप्तमी हातगाडीमागे चालण्यात गेली. त्याचं काळं झबलं पुढच्या संक्रांतीला त्याला होईना. मी ते कुणाला दिलं नाही.

त्या दिवशी आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, हजीऱ्याकडे गेलो. गिरणीच्या अंगाला खोल्या मिळतात असं कुणी सांगितलं होतं. पहिल्याच दारात एक बाई गहू निवडत बसली होती. खोली रिकामी आहे म्हणाली. सामानाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, मग विचारलं, "कौन लोग हो?"

नवऱ्यानं घसा खाकरला. मी त्याच्या दंडाला हात लावून त्याला थांबवलं. सुमीला पुढे केलं.

"सांग," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत होती, मोरीपाशी बघितलं होतं तशीच. मग त्या बाईकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "चमार हैं. मेरे दादा खोगीर सीते थे."

बाई सूप घेऊन आत गेली. दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

सुमीनं माझा हात घट्ट धरला. "आई, आता?"

"आता पुढचं दार," मी म्हणाले. "तिथंही हेच आधी सांगायचं. खोली नंतर विचारायची."

हातगाडी पुढे ढकलली. तो नेम मी आजवर मोडला नाही आणि माझ्या पोरांनाही मोडू दिला नाही. आम्ही कोण ते कुणाच्याही उंबऱ्यावर पहिल्या वाक्यात सांगतो. दार लावायचं असेल तर त्यांनी आमच्या तोंडावर, आमच्या डोळ्यांत बघून लावावं. पण आमच्या हातून आमच्याच पोरांचा ओचा पुन्हा कुणाच्या मोरीत रिकामा होणार नाही.